भेटायला कोण आलं होतं?

"आज कोण आयिल्लें गो भेटपाक?"

पोर्तुगालमधल्या कोइंब्राला होते ती दोन वर्षं आजीने मला रोज हाच प्रश्न विचारला. आई विचारायची जेवलीस का, बाबा विचारायचे पैसे पुरतात का. आजी फोन हातात घ्यायची आणि इकडचं तिकडचं काही न बोलता सरळ एवढंच. तिच्याकडे तेव्हा रात्र झालेली असायची, माझ्याकडे दुपार कलायला लागलेली.

माशेलच्या आमच्या घराचं दार सकाळी झाडलोट झाली की उघडतं, ते रात्रीची जेवणं आटोपल्यावरच लागतं. दारासमोर सोपो आहे. दिवसातून पाच-सहा माणसं तरी त्यावर बसून जातात. फुलं घेऊन येणारी बाई, कुंभारजुव्याचे मामा, देवकीकृष्णाच्या देवळातून परतणारं कोणी, भजनाला जाण्याआधी पेटी ठेवायला आलेला शेजारचा मुलगा. काम असतंच असं नाही. येतात आणि बसतात. एखाद्याचं बरं चाललंय की नाही हे त्याच्याकडे कोण येतं-जातं त्यावरून ओळखावं, असं आजीचं मत. ताप किती आहे ते विचारावं, तसा तिचा तो प्रश्न असायचा.

सप्टेंबर २०२२ मध्ये चवथीचे गणपती पोचवून मी निघाले. फर्मागुडीच्या कॉलेजातून सिव्हिल झाले होते, पुढे पाण्याचं शास्त्र शिकायचं होतं, आणि कोइंब्राला प्रवेश मिळाला. पोर्तुगालमधलं हे सर्वांत जुनं विद्यापीठ, १२९० सालचं. जुन्या इमारती टेकडीवर. वर जायला सव्वाशे पायऱ्यांचा एक जिना आहे, टेकडीवरून मोंडेगो नदी दिसते. आमचा विभाग मात्र टेकडीवर नव्हता, तो गावाच्या टोकाला नदीजवळ. पाणी शिकणाऱ्यांना पाण्याशेजारी ठेवलंय, याचा मला पहिल्या दिवशी फार आनंद झाला होता. पलीकडच्या काठावर सांता क्लाराचा जुना मठ आहे. मोंडेगोच्या पुरात तो इतक्या वेळा बुडाला की जोगिणींनी १६७७ मध्ये तो सोडला आणि वर टेकडीवर नवा बांधून घेतला. त्या भिंतींवरून शतकांचा पूर वाचायला मी कितीतरी संध्याकाळी गेले. एकटीच.

कारण राहायची जागा म्हणजे लांब बोळ, दोन्ही बाजूंना खोल्या, टोकाला सगळ्यांचं मिळून एक स्वयंपाकघर. प्रत्येक दार ओढलं की आपोआप बंद व्हायचं. पहिले तीन आठवडे माझ्या दारावर कोणाची टकटक झाली नाही. वर्गात सगळे हसून बोलायचे, कँटीनमध्ये एका टेबलावर जेवायचे, आणि मग आपापल्या वाटेने निघून जायचे. आजीला मी खोटं सांगत होते. लायब्ररीतली एक मुलगी आली होती, वर्गातला एक मुलगा पुस्तक न्यायला आला होता. चौथ्या आठवड्यात एके दिवशी खोटं सांगवलं नाही. "कोण येना गो आजी," म्हटलं.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "कोण येना जाल्यार तूं वच." आणि फोन आईकडे देता देता पुन्हा ओढून घेऊन, "पूण हात हालयत वचूं नाका."

रिकाम्या हातांनी कोणाकडे जायचं नाही, हे आपल्याकडे वेगळं शिकवावं लागत नाही. मी सामानातली तिरफळं आणि आमसुलं काढली. बाजारातून बटाटे, लाल भोपळा, गाजर, मुळा, मक्याची कणसं आणली. तूरडाळ लिस्बनहून कोणीतरी आणलेली मिळाली. खतखतं केलं. निळ्या काठाचं चिनीमातीचं एक भांडं विकत घेतलं होतं, त्यात भरलं आणि शेजारचं दार वाजवलं.

शेजारी केप व्हर्देची मुलगी राहत होती, माझ्याहून वर्षाने मोठी, समाजशास्त्र शिकणारी. तिने भांड्यावरची ताटली उचलली, वास घेतला, एक कणीस चमच्याने वर काढलं आणि म्हणाली, "कचुपा!" तिच्या बेटावर मका, घेवडे, कंद, भोपळा असं सगळं एकत्र तासन् तास शिजवतात, त्याला कचुपा म्हणतात. तिला वाटलं मी तिच्यासाठी तिच्या घरचं काहीतरी केलंय. चव वेगळी लागली तेव्हा ती खूप वेळ तिरफळाचं टरफल जिभेवर ठेवून बसली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी माझ्या दारावर टकटक झाली. निळ्या काठाचं भांडं परत आलं होतं, आणि त्यात कचुपा होता. भांडं रिकामं परत करायचं नाही, हे तिच्याही आजीने तिला सांगितलं होतं. त्या रात्री आजीच्या प्रश्नाला माझ्याकडे पहिल्यांदा खरं उत्तर होतं. भांडं पुढे दोन वर्षं त्या बोळातून असंच इकडून तिकडे जात राहिलं.

ती सांतियागो बेटावरच्या ताराफालची. गावाचं नाव सांगितलं की लोक लगेच समुद्रकिनाऱ्याबद्दल विचारायचे. माझंही तेच. गोवा म्हटलं की समोरच्याच्या डोळ्यांत वाळू दिसायला लागायची. माशेलला समुद्र नाही, आम्हांला नद्या आहेत आणि सुपारी-नारळाची कुळागरं आहेत, हे मी किती जणांना सांगितलं असेल त्याला गणती नाही. आणखी एक गोष्ट सांगावी लागायची. गोव्याची म्हटल्यावर लोक माझ्याशी थेट पोर्तुगीजमध्ये बोलायला लागायचे, आणि मला ती येत नसे. स्वयंपाकघरात ब्राझीलचे होते, अंगोलाचे होते, मोझांबिकचा एक होता, पूर्व तिमोरची एक होती. सगळ्यांना ती भाषा लहानपणापासून येणारी. साडेचारशे वर्षं ज्यांच्यावर ते राज्य होतं त्या गोव्याहून आलेली मी एकटीच धातू चालवून चालवून वाक्यं जुळवत होते. आमच्या फोंडा महालात ते आले अठराव्या शतकात. आमच्या घरात बोलणं कोंकणीतून होतं, लिहिणं-वाचणं, नाटक, भजन, वर्तमानपत्र मराठीतून. पोर्तुगीज फक्त पणजोबांच्या जमिनीच्या कागदांत होती. हे सगळं समजावायला मला पोर्तुगीजच शिकावी लागली. शिकले, आणि मन लावून शिकले. जनेल, साबांव, तुवालो हे आजीच्या तोंडचे शब्द वर्गात फळ्यावर बघितले तेव्हा घरचं कोणीतरी अचानक बाजारात भेटावं तसं झालं.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वर्गातल्या सहा-सात जणांबरोबर लिस्बनला गेले. दुसऱ्या दिवशी सगळे काश्काइशच्या किनाऱ्यावर निघाले. ती लोकल पाण्याच्या काठाकाठाने जाते. आधी तेजू नदी, मग तिचं रुंद होत गेलेलं मुख, मग समुद्र. गाडीत गाणी चालली होती. एका स्टेशनावर गाडी थांबली आणि मी पाटी वाचली: काशियश.

मोहन रानडे हे नाव आमच्या घरात आजोबांमुळे. सांगलीचे रानडे मराठीचे शिक्षक म्हणून गोव्यात आले, आझाद गोमंतक दलात गेले, १९५५ मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरील हल्ल्यानंतर पकडले गेले. पुढे त्यांना इथे आणून काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाला १९ डिसेंबर १९६१ ला. रानडे सुटले जानेवारी १९६९ मध्ये. ज्या भूमीसाठी ते तुरुंगात होते ती मुक्त होऊन सात वर्षं झाली होती, तरी ते आतच. सुधीर फडके त्यांच्या सुटकेसाठी झटले, तामिळनाडूच्या अण्णादुरैंनी पोपकडे शब्द टाकला. आजोबा हे सांगताना शेवटी नेहमी थांबत आणि म्हणत, "सात वर्सां, गो."

गाडी त्या स्टेशनावर अर्धा मिनिट थांबली असेल. मी खिडकीतून मान वळवून बघत राहिले. बरोबरच्यांना काय सांगणार? त्यांच्या हातात टॉवेल होते, ऊन छान पडलं होतं, आणि माझी पोर्तुगीज तेव्हा बाजारहाट करण्यापुरती. काश्काइशला मी पाण्यात उतरले नाही. रात्री आजीला नेमकं काय सांगावं हेही सुचलं नाही.

प्रवास मी पुष्कळ केला. विद्यार्थी स्वस्त विमानांनी जातात तसा एकदा दहा दिवसांत चार देशांचा केला. पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम, कोलोन. त्याबद्दल लिहायला बसले की हाताला फक्त पायांचा ठणका आणि कॅथिड्रलांची गार हवा लागते. त्या दहा दिवसांत आजी रोज विचारत होती, आणि त्या दहा दिवसांत आम्हांला भेटायला कोणी आलं नव्हतं, आम्हीही कोणाला भेटलो नव्हतो. त्यानंतर मी ठरवलं की जिथे आपल्याला कोणीतरी बस म्हणेल अशाच ठिकाणी जायचं.

म्हणून आमादोराला गेले, केप व्हर्देच्या मैत्रिणीच्या मावशीकडे. लिस्बनला लागून असलेल्या या गावात त्यांची माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहतात. सेंट मार्टिनचा दिवस होता, ११ नोव्हेंबर, त्या दिवशी पोर्तुगालभर चेस्टनट भाजतात. मावशीच्या गॅलरीत आम्ही काळी पडलेली टरफलं सोलत बसलो आणि शेजारणी एकेक करून येत गेल्या, आमच्या सोप्यावर येतात तशा. मोझांबिकचा मुलगा मूळ दीवचा गुजराती. आजोबा दीवहून मापुतोला गेले, तिथून घर लिस्बनला आलं. त्याच्या आईने आम्हांला नवरात्रात लुमियारच्या राधाकृष्ण मंदिरात नेलं. देवळाबाहेर बायका गुजराती बोलत होत्या, पोरं पोर्तुगीजमध्ये भांडत होती. त्याच्या आईने मला जवळ घेऊन विचारलं, तुम्ही गोव्यातच कसे राहिलात? आम्ही तर कुठे कुठे गेलो. तिच्या आवाजात हेवा होता की कौतुक, मला कळलं नाही. मी तिचा हात धरून बसले.

मे महिन्यात केमा दश फितश येतो, पदवीच्या वर्षातल्या मुलांचा उत्सव. पहिल्या रात्री जुन्या कॅथिड्रलच्या पायऱ्यांवर मध्यरात्री गाणं होतं. हजारो मुलं काळे झगे पांघरून चौकात उभी राहतात. कोइंब्राची ती पद्धत पुरुषांनीच गाण्याची, गिटारच्या साथीने, आणि त्या रात्री टाळ्या वाजवत नाहीत. गाणं संपतं आणि शांतता तशीच राहते. आमच्याकडे भजनी सप्ताहात पहाटेच्या भैरवीनंतर एक क्षण असा येतो. मी त्या गर्दीत रडले, आणि माझ्या डाव्या-उजव्या बाजूची अनोळखी मुलंही रडत होती, त्यामुळे कोणी काही विचारलं नाही.

पण मला सांगायचंय ते चवथीबद्दल.

२०२३ ची चवथ १९ सप्टेंबरला आली. सुट्टी नव्हती, घरी जाणं शक्य नव्हतं. मूर्ती कुठून आणणार? मग आजीनेच आठवण करून दिली. आमच्या नात्यातल्या एका घरी अजून कागदाचा गणपती पुजतात. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आलं, मूर्ती ठेवणं जिवावर बेतायला लागलं, तेव्हा काही घरांनी देव कागदावर काढून पुजला, आणि पुढे भीती गेली तरी ती रीत सोडली नाही. मी विद्यापीठाच्या दुकानातून जाड कागद आणला आणि पेन्सिलीने गणपती काढला. सोंड दोनदा पुसून काढावी लागली. ज्या राज्यामुळे आमच्या लोकांनी देव कागदावर काढला, त्याच्याच एका जुन्या शहरात, दार सताड उघडं ठेवून, मी तो भिंतीला लावला. दार परत बंद होऊ नये म्हणून खाली बूट अडकवला.

उरली माटोळी. गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात आणि तिला रानातली, परसातली फळं, वेली, घोस बांधतात. कांगलां, कवंडाळ, फागलां म्हणजे करटोली, तवशीं, सुपारीचे घोस, नारळाची पेंड. त्या दिवसांत आपल्या मातीत जे जे पिकलंय ते सगळं देवाला दाखवायचं. छताला खिळा मारायची परवानगी नव्हती, म्हणून कपडे वाळवायचा स्टँड टेबलावर चढवला. त्याला काय बांधायचं? मका, लाल मिरच्या, द्राक्षांचा घड, हिरवी अंजिरं. खालच्या गल्लीत एक म्हाताऱ्या बाई राहायच्या, त्यांच्या परसात मार्मेलूचं झाड होतं. पेरूसारखं दिसणारं, पिवळं, कच्चं खाता न येणारं फळ. मी त्यांच्याकडे मागायला गेले, अर्थात हातात भांडं घेऊन, भांड्यात नेवऱ्या. त्यांनी फळं दिली आणि वर काटेरी कवचातले हिरवे चेस्टनट डहाळीसकट दिले. ते बांधल्यावर अगदी फागलांच वाटायला लागले. केप व्हर्देच्या मुलीने त्या दिवशी सकाळपासून गाठी मारल्या, तिमोरच्या मुलीने पानांची तोरणं केली. तिच्याकडे झावळ्यांचं असंच काहीतरी करतात म्हणे.

संध्याकाळी आरतीला स्वयंपाकघर भरलं. म्हाताऱ्या बाईही जिना चढून आल्या, आपली फळं कुठे लावलीत ते बघायला. मी त्यांना खुर्ची दिली. गोव्यातलं गाव कुठलं, असं त्यांनी विचारलं. माशेल कोणाला माहीत असणार, म्हणून मी म्हटलं, फोंड्याजवळ.

"पोंडा?" त्या म्हणाल्या. परत एकदा, "पोंडा?"

त्यांचा थोरला भाऊ १९६१ मध्ये गोव्यात शिपाई होता, एकवीस वर्षांचा. डिसेंबरात भारतीय सैन्य आलं तेव्हा तीन हजारांहून जास्त पोर्तुगीज सैनिक युद्धकैदी झाले. त्यांच्या छावण्यांपैकी एक फोंड्यात होती. तो तिथे होता. मे १९६२ मध्ये सुटून मायदेशी आला. पोर्तुगालच्या हुकूमशहा सालाझारने शेवटच्या माणसापर्यंत लढा असा हुकूम धाडला होता, शरण येणारा शिपाई त्याला नको होता, त्यामुळे परत आलेल्यांना कोणी सन्मानाने घेतलं नाही. भाऊ घरात त्याबद्दल कधी बोलला नाही. एवढंच सांगायचा की तिथली माती लाल आहे आणि ती कपड्यांतून जात नाही. तो जाऊन काही वर्षं झाली. "आमची आई त्या पाच महिन्यांत रोज म्हणायची," बाई म्हणाल्या, "त्याला बघायला कोणी जात असेल का?"

मला गिळायला जमेना. आजी फोनवर होतीच, आरती ऐकायला. मी तिला कोंकणीत सगळं सांगितलं. १९६१ मध्ये ती बारा वर्षांची होती, फोंड्यातच राहायची. ती म्हणाली, त्या बाजूने जाताना तारेपलीकडे ते दिसायचे. "आमकां थंय वचूंक दिनासले." जवळ जाऊ द्यायचे नाहीत. मग थांबून म्हणाली, "भुरगींच आसलीं तीं. तुजे पिरायेचीं."

मी बाईंना ते पोर्तुगीजमध्ये सांगितलं. अगदी मुलंच होती ती, असं म्हणतेय माझी आजी. माझ्या वयाची. त्यांनी मान हलवली, फोनच्या पडद्याला हात लावला, आणि दोघी एकमेकींकडे बघत बसल्या. एकीला दुसरीचा एक शब्द कळत नव्हता. त्यानंतर पुढचे दहा महिने बाई दर रविवारी मला जेवायला बोलवत होत्या. ती घरं, ती टेबलं, हीच माझी तिथली खरी दुनिया, फोटोत नसलेली.

पेनिशचा जुना तुरुंग बघायला जायचं ठरलं ते त्या संध्याकाळच्या आठवणीतूनच, पण जायला पुढचा मे उजाडला. मध्ये २५ एप्रिल २०२४ आला. १९७४ मध्ये याच दिवशी पोर्तुगालच्या सैन्याने हुकूमशाही उलथवली, शिपायांनी बंदुकींच्या नळ्यांत लाल कार्नेशनची फुलं खोवली. पन्नास वर्षं झाली म्हणून लिस्बनच्या मोठ्या रस्त्यावर माणसांचा समुद्र लोटला होता. आम्ही चौघं एकमेकांच्या बाह्या धरून चाललो होतो. मोझांबिक आणि केप व्हर्दे पुढच्याच वर्षी, १९७५ मध्ये, स्वतंत्र झाले. आणि गोवा भारताचा आहे हे पोर्तुगालने कागदावर मान्य केलं ते ३१ डिसेंबर १९७४ च्या करारात, म्हणजे याच क्रांतीनंतर. हे आमच्या शाळेत इतकं ओझरतं शिकवलं होतं की त्या रस्त्यावर उभं राहीपर्यंत तो दिवस माझाही आहे हे मला जाणवलं नव्हतं. आम्हांला मुक्त करायला त्यांची क्रांती लागली नाही. पण ज्यांनी आम्हांला कैद केलं होतं त्यांनीच स्वतःच्या माणसांनाही कैद केलं होतं, हे त्या गर्दीतल्या म्हाताऱ्यांच्या तोंडांकडे बघून कळत होतं.

पेनिशला रेल्वे जात नाही. आम्ही दोघीच बस बदलत गेलो. गाव समुद्रात घुसलेलं, तिन्ही बाजूंनी अटलांटिक, आणि वारा असा की बोललेलं ऐकू येत नाही. किल्ला अगदी कड्यावर. सालाझारच्या काळात तो राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. आता तिथे संग्रहालय आहे, ते नुकतंच, एप्रिलच्या अखेरीस, पूर्णपणे खुलं झालं होतं. कम्युनिस्ट नेता आल्व्हारू कुन्याल ३ जानेवारी १९६० ला नऊ साथीदारांसह इथून निसटला, त्या भिंतीशी लोक सर्वांत जास्त वेळ थांबत होते.

माझी मैत्रीण बोलत नव्हती. तिच्या गावातही छावणी होती. ताराफालची छावणी १९३६ मध्ये सुरू झाली, पोर्तुगालमधले हुकूमशाहीचे विरोधक बोटीने तिथे नेऊन टाकायचे. मध्ये काही वर्षं बंद होती, मग साठीच्या दशकात अंगोला, गिनी आणि केप व्हर्देच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्यांना ठेवायला पुन्हा उघडली. १ मे १९७४ ला तिचे दरवाजे उघडले. तिच्या आजीला लहानपणी ताकीद होती, त्या बाजूला बोट दाखवायचं नाही. इथली माणसं तिच्या गावात, माझी माणसं इथे. माणसाला त्याच्या माणसांपासून जितकं दूर नेता येईल तितकं न्यायचं, हीच शिक्षा.

भेटीच्या खोलीत आम्ही आलो. मध्ये काच, अलीकडे भेटायला आलेल्यांनी बसायचं, पलीकडे कैद्याने, आणि पहारेकरी ऐकत उभा. लिस्बनहून, पोर्तूहून बायका पोरांना घेऊन दिवसभराचा प्रवास करून यायच्या, काचेवर हात ठेवायच्या आणि परत जायच्या. मैत्रीण त्या बाकावर बसली आणि तिने विचारलं:

"तुमच्या माणसांना भेटायला कोण यायचं?"

मी उभीच राहिले. १९४६ च्या १८ जूनला मडगावात लोहियांनी ठिणगी टाकली, त्यानंतर गोव्यातल्या पुढाऱ्यांवर लष्करी न्यायालयात खटले झाले आणि त्यांना इथे आणलं. डॉ. त्रिस्ताव ब्रागांझा कुन्हा. पुरुषोत्तम काकोडकर. डॉ. राम हेगडे. लक्ष्मीकांत भेंब्रे. शाळेत आम्ही ही नावं पाठ केली होती, एका गुणाच्या प्रश्नासाठी. गोव्याहून इथे यायला बोटीने आठवडे लागायचे. कोण येणार होतं? काकोडकरांची, भेंब्र्यांची माणसं कुठल्या बाकावर बसणार होती? मला रोज फोनवर आजी दिसत होती, तिच्यामागचं दार आणि सोपो दिसत होता, तरी एकेका संध्याकाळी छाती दाटून यायची.

"नावं सांग," मैत्रीण म्हणाली.

मी सांगितली. त्या काचेसमोर, मोठ्याने, एकेक करून. तिने प्रत्येक नाव माझ्यामागून म्हटलं. काकोडकर तिला दोनदा म्हणावं लागलं.

परतीच्या बसमध्ये फोन वाजला. आज कोण आयिल्लें? मी म्हटलं, आज कोणी नाही आलं आजी, आज आम्हीच भेटायला गेलो होतो. कोणाला, ते सांगितलं. पलीकडे बराच वेळ काही आवाज नव्हता, मला वाटलं रेंज गेली. मग आजी म्हणाली, "कितें व्हेलें तांकां?"

काय नेलंस त्यांना? आम्ही काही नेलं नव्हतं. दोघींच्या पाठीवर पिशव्या होत्या, पिशवीत डबा होता, वाऱ्यामुळे तो तिथे उघडलाही नव्हता. त्यांच्यासाठी काही न्यावं हे माझ्या मनात आलंच नाही. निळ्या काठाचं भांडं घेतल्याशिवाय शेजारच्या खोलीतही न जाणारी मी.

निघायच्या दिवशी ते भांडं मैत्रिणीकडे होतं, आणि मी ते मागितलं नाही.

आता मी पणजीत नोकरी करते, माशेलहून रोज जाऊन येऊन. २०२४ च्या डिसेंबरात मैत्रीण आली. मोपाच्या विमानतळावर ती बाहेर आली तेव्हा तिच्या खांद्यावरच्या पिशवीत, स्वेटरमध्ये गुंडाळलेलं, ते भांडं होतं. घरी येऊन तिने ते आजीच्या हातात दिलं. आत कचुप्याचा वाळवलेला मका होता, ताराफालचा. आजीने दाणे हातावर घेऊन बघितले, आपल्या मक्यापेक्षा मोठे आहेत म्हणाली, आणि तिला सोप्यावर बसवलं. दुपारपर्यंत सात जणं येऊन तिला बघून गेली.

पणजीच्या आझाद मैदानात कुन्हांच्या अस्थी ठेवल्या आहेत. पेनिशमधून सुटल्यावरही त्यांना घरी येता आलं नव्हतं. ते निसटून पॅरिसला गेले, तिथून मुंबईला, आणि १९५८ मध्ये मुंबईतच वारले. मुक्त गोवा त्यांनी पाहिला नाही. त्या मैदानावरून मी रोज जाते. १९ डिसेंबरचा कार्यक्रम, गर्दी, भाषणं सगळं होऊन गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी निघालो. दारातून बाहेर पडताना आजीने हाक मारली. केळीच्या पानात गुंडाळलेली अबोलीची फाती होती, पहाटे तिने स्वतः गुंफलेली, देठांना अजून पाणी.

मैदानात एक माणूस झाडत होता. त्याने आमच्याकडे बघून झाडू थांबवला. आम्ही पान उघडलं आणि फाती ठेवली. मैत्रिणीने नाव म्हटलं, या वेळी माझ्या आधी. मग आम्ही कडेच्या झाडाखाली थोडा वेळ बसलो. बोटी मांडवीतून चालल्या होत्या, त्यांचे भोंगे ऐकू येत होते. तिने विचारलं माशेलची बस किती वाजता आहे. उशीर करून चालणार नव्हतं, आजीने सकाळीच मका शिजत घातला होता.